आधी घाट, मग बंदर, मग जहाज

जहाजाचा फोटो पाहून क्रूझचं बुकिंग करू नका. नारायणगावच्या एसटी स्टँडवर, मंचरच्या बाजार समितीच्या भिंतीवर आणि आळेफाट्याच्या चौकात हे ठळक अक्षरांत रंगवून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. फोटोत जहाज असतं, तरणतलाव असतो, रोषणाई असते. बंदर नसतं. आणि पहिल्यांदा जाणाऱ्याची सहल बिघडते ती बंदरावर, नाहीतर बंदरापर्यंतच्या रस्त्यावर.

मुंबईकराचं एक बरं असतं. आधार कार्ड घरी राहिलं, तर टॅक्सी करून तासाभरात परत. आपल्या आणि समुद्राच्या मधे सह्याद्री उभा आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचं एकही स्टेशन नाही. पुणे-नाशिक रेल्वेची आश्वासनं ऐकत एक पिढी म्हातारी झाली. त्यामुळे ‘कोणत्या जहाजाने जायचं’ याआधी आपल्याला ‘कोणत्या बंदरातून निघायचं’ आणि त्याहीआधी ‘कोणता घाट उतरायचा’ हे ठरवावं लागतं. एजंट हा क्रम उलटा लावतो, कारण त्याला जहाज विकायचं असतं. घाट आपल्याला उतरायचा असतो.

हा क्रम आपल्या पूर्वजांना पक्का माहीत होता. सातवाहनांच्या काळात पैठणचा माल जुन्नरला यायचा, नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपाऱ्याला जायचा आणि तिथून गलबतावर चढायचा. घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण आणि गुहेतला नागनिकेचा शिलालेख आपण सहलीला जाऊन पाहतो, तो या बंदरवाटेवरचा. पण वाट एकच होती म्हणून बंदर नेहमी उघडं असायचं, असं नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणबद्दल स्पष्ट इशारा आहे. आधी ती रीतसर बाजारपेठ होती, सत्ता बदलल्यावर तिथे आडकाठी सुरू झाली आणि चुकून तिथे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. बंदर निवडताना अंतर पाहावं तसं तिथे आत्ता काय चाललंय तेही पाहावं, हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आपल्या लेण्यांमध्ये यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ही माणसं अशीच बंदरांची चौकशी करत इथवर आली असणार.

आणि अफनासी निकितिन! रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी 1470 च्या आसपास चौलला उतरला, पायी मजल दरमजल करत जुन्नरला आला आणि पावसाळाभर इथेच अडकून पडला. चिखलाबद्दल त्याने लिहिलंय. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या खानाने काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दम दिला. एका खोरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा घोडा परत मिळाला. पुढे बिदर वगैरे पाहून तो माघारी निघाला, तेव्हा आला त्या चौलला गेला नाही. त्याने दाभोळ गाठलं, कारण बहमनी राज्यातलं होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजांचं मोठं बंदर तेच होतं. जहाज वाऱ्याने भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलं, मग मस्कत, मग होर्मुझ. समुद्राने त्याला दगा दिला असेल, पण बंदर त्याने विचार करून निवडलं होतं. जुन्नरमध्ये राहिलेल्या आणि समुद्रप्रवासाचा वृत्तांत लिहून ठेवलेल्या या माणसाची आठवण आपल्या शाळांमधून आवर्जून सांगायला हवी.

आता आजचं. आपल्यासाठी पहिलं बंदर मुंबईच. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज 2021 च्या सप्टेंबरपासून तिथून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाऊ लागलं. 2025 मध्ये बॅलार्ड पियरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची त्याची क्षमता सांगितली जाते. पहिल्यांदा जाणाऱ्या जुन्नर-आंबेगावकराने स्वस्तातलं चेन्नई किंवा चकचकीत सिंगापूर सोडून आधी मुंबईहून दोन-तीन रात्रींची फेरी करावी, हे माझं ठाम मत आहे. बोट लागते की नाही, आईला केबिनमध्ये कोंडल्यासारखं होतं का, वडिलांना जेवण मानवतं का, हे घराजवळच कळलेलं बरं.

घराजवळ म्हणजे किती, हे मात्र नीट मोजा. ओतूरहून माळशेज, मुरबाड, कल्याण करत बॅलार्ड पियर दीडशे किलोमीटरच्या वर जातं. नकाशा चार तास दाखवेल. तो नकाशा माळशेजमधली दरड मोजत नाही, धुकं मोजत नाही, कल्याणच्या पुढची गर्दी मोजत नाही. घोडेगाव-मंचरकडून निघालात तर राजगुरुनगर, चाकण, तळेगाव आणि पुढे एक्सप्रेस वे. चाकणच्या चौकात तासन्‌तास अडकलेल्या माणसाला मी काही नव्याने सांगायला नको. विमान चुकलं तर पुढचं विमान असतं. जहाज चुकलं तर पुढचं जहाज म्हणजे पुढची फेरी, आणि तिकिटाचे पैसे सहसा बुडतात. वर जहाजाचं दार सुटण्याच्या वेळेला नाही, त्याच्या बरंच आधी बंद होतं. तिकिटावर ‘सुटण्याची वेळ’ आणि ‘हजर राहण्याची वेळ’ वेगळ्या छापलेल्या असतात. आपल्या कामाची दुसरी.

म्हणून आदल्या दिवशी मुंबई गाठा. यात तडजोड नको. ‘पहाटे चारला निघू, आरामात पोचू’ म्हणणारा मेहुणा प्रत्येक घरात असतो, त्याचं या एका बाबतीत ऐकू नका. हॉटेलचा खर्च जड वाटत असेल, तर आपल्यासारखा भाग्यवान तालुका दुसरा नाही. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातले. माथाडी, गिरणी कामगार, मार्केटमधले गाळेवाले, सगळे आपलेच. घाटकोपरला आत्या नाही, डोंबिवलीला मामा नाही, असं घर इथे शोधूनही सापडणार नाही. त्यांच्याकडे रात्री मुक्काम करा, जाताना भाजी न्या, त्यांनाही बरं वाटेल.

गाडीने जाणाऱ्यांनी एक्सप्रेस वेने उतरून अटल सेतू धरावा. टोल लागतो, पण शिवडीला उतरून ईस्टर्न फ्रीवेने थेट पी. डिमेलो रोडपर्यंत येता येतं आणि बॅलार्ड पियर तिथून अगदी जवळ आहे. कल्याणच्या बाजूने येणाऱ्यांनी गाडी मुंबईत घालण्याचा हट्ट सोडावा. कल्याणहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सी, फक्त सकाळच्या गर्दीत बॅगा घेऊन लोकलमध्ये चढू नका. स्वतःची गाडी नेलीच असेल, तर तीन दिवस ती कुठे उभी करायची हे आधी ठरवा. बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यावर गाडी सोडून जाणं हा पर्याय नाही. ड्रायव्हरने सोडून परत जावं, हे सगळ्यात सुटसुटीत.

आणि टॅक्सीवाल्याला ‘बोटीवर जायचंय’ एवढंच सांगू नका. गेटवेला मांडव्याच्या बोटी लागतात. भाऊच्या धक्क्यावर रो-रो आणि रेवसच्या बोटी. क्रूझ बॅलार्ड पियरला. भर दुपारी म्हाताऱ्या माणसांना घेऊन चुकीच्या धक्क्यावर उतरणं काय असतं, याची कल्पना करा. एकेकाळी बॅलार्ड पियरवर धक्क्याला लागूनच रेल्वे स्टेशन होतं. विलायतेच्या बोटीतून उतरलेला माणूस तिथेच फ्रंटियर मेलमध्ये बसून पेशावरकडे निघायचा. इंग्रज साहेबासाठी जी सोय शंभर वर्षांपूर्वी झाली, तिचा दहावा हिस्सा तरी आज आपल्या आई-वडिलांसाठी व्हायला हवा. सीएसएमटीहून टर्मिनलच्या दारापर्यंत जहाजाच्या दिवशी बस हवी. पोर्टाने आणि बेस्टने मिळून ठरवलं तर हे फार मोठं काम नाही.

कागदपत्रांचं एक दुखणं खास आपल्याकडचं आहे. आईचं आधार माहेरच्या नावाचं, तिकीट सासरच्या नावाने काढलेलं. कुठे वडिलांच्या आडनावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचं. लग्नाच्या पंगतीत हे चालतं, टर्मिनलच्या काउंटरवर नाही. तिकीट काढताना प्रत्येकाचं नाव कार्डावरून अक्षर न्‌ अक्षर उतरवा, लहान मुलांचंसुद्धा. मूळ कार्ड सोबत हवं, मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. तो कोण काढणार, कंपनी की तुम्ही, हे पैसे भरण्याआधी विचारा.

मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात, त्यांना पट्टी लावतात आणि त्या नंतर केबिनपाशी पोचवतात. तोवर काही तास जाऊ शकतात. म्हणून रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, कार्डं, पैसे, एक कपड्यांचा जोड हे सगळं हातातल्या पिशवीत. गोळ्यांसोबत डॉक्टरची चिठ्ठी. इस्त्री, विजेची किटली घरी ठेवा, तपासणीत काढून घेतात. मासवडीचा डबाही घरीच खाऊन संपवा. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, आणि आजीच्या हातचा डबा डोळ्यांदेखत बाजूला काढला जाणं कुणालाच बघवत नाही. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल, तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. रांगेत उभं राहिल्यावर मागितली, तर मिळेलच असं नाही.

गोव्याची एकतर्फी फेरी आपल्याला सोयीची पडते, हे फारसं कुणी सांगत नाही. मुंबईहून चढायचं, मुरगावला उतरायचं. बंदराला लागूनच वास्को. तिथून गोवा एक्सप्रेस मिरजमार्गे थेट पुण्याला येते आणि पुण्याहून नारायणगाव-मंचरच्या एसट्या आहेतच. परतीचा घाट आणि मुंबईची गर्दी दोन्ही टळतात. जहाज उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ जुळते का, तेवढं तपासा.

मोसमाचा विचार शेतकऱ्याने तर करायलाच हवा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग सोडवत नाही, फेब्रुवारी-मार्चात तोड, त्याच सुमाराला कांदा. मोकळीक मिळते ती उन्हाळ्याच्या शेवटी, आणि नेमका तेव्हा पश्चिम किनारा खवळायला लागतो. पावसाळ्यात जहाजं या बाजूला थांबत नाहीत. 2023 च्या जूनमध्ये कॉर्डेलियाने चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू केल्या, त्या याच कारणाने. पावसाळ्यातली ‘ऑफर’ आली तर बंदर कोणतं ते आधी वाचा. चेन्नईपर्यंत चौघांचा रेल्वे-विमानाचा खर्च, तिथला मुक्काम आणि परतीचं भाडं जोडलं की स्वस्ताई उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत शेजाऱ्याला बागेवर लक्ष ठेवायला सांगून दोन रात्री मुंबईहून जाऊन या, मी तर हेच सांगेन.

परदेशातून निघणाऱ्यांना दोनच गोष्टी. पहिली, जाहिरातीतलं शहर म्हणजे बंदर नव्हे. ‘रोमहून क्रूझ’ म्हणजे चिविताव्हेक्किया, रोमपासून 70-80 किलोमीटर. ‘लंडनहून’ म्हणजे बहुतेकदा साउदॅम्प्टन. ‘पॅरिसहून’ म्हणजे ल हाव्र, जवळजवळ 200 किलोमीटर. सिंगापूरला बंदर शहरातच आहे, पण क्रूझची टर्मिनलं दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. दुसरी, सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणारं जहाज म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना अडकाल. मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल तर त्यांच्याकडून हे तपासून घ्या. एजंटवर हे सोडू नका.

एजंटांना माझं थेट सांगणं आहे. तुमच्याकडे येणारं जोडपं आयुष्यभर राबून पहिल्यांदा समुद्रावर निघालेलं असतं. डिंभ्याच्या आणि माणिकडोहच्या धरणाहून मोठं पाणी त्यांनी पाहिलेलं नसतं. त्यांना बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी धरून एकच आकडा सांगा. अमुक रुपयांत क्रूझ म्हणून बोलावून काउंटरवर निम्मी रक्कम वाढवणं ही फसवणूक आहे.

आणि ग्राहकांनी पावतीच्या मागे चार गोष्टी मराठीत लिहून मागायच्या. कोणत्या टर्मिनलच्या कोणत्या गेटने आत जायचं. किती वाजता हजर राहायचं. कोणती मूळ कागदपत्रं लागतील. आणि घाटात अडकलो तर कोणत्या नंबरला फोन करायचा, जो त्या दिवशी खरोखर उचलला जाईल. खाली सही आणि शिक्का. हे लिहून द्यायला नकार दिला, तर पैसे खिशात ठेवून पुढच्या दुकानात जा.