मिस्त्रीचा मालक कोण?

“वैनी, वरच्या मजल्याची परवानगी काढताना नगरपालिकेत किती भरले हो?”

“विचारू नका आक्का. विकास शुल्क काय, छाननी शुल्क काय. आणि पावतीत एका ओळीत वीस हजार. पुढं लिहिलंय, कामगार कल्याण उपकर. ह्यांनी विचारलं, हा कसला? खिडकीतला म्हणाला, सगळ्यांनाच असतो, पुढचे या.”

“म्हणजे तुमचं बांधकाम वीस लाखांचं धरलंय.”

वैनी गप्प. वीस लाखांचा आकडा त्यांनी गल्लीत कुणाला सांगितला नव्हता, माहेरीसुद्धा दहा-बारा म्हणाल्या होत्या. आक्कांनी तो पावतीच्या एका ओळीवरून काढला. उपकर बांधकाम खर्चाच्या 1 टक्का, जागेची किंमत सोडून. गल्लीत कुणाचं घर केवढ्याचं, हे आक्कांना कळायला दुसरं काही लागत नाही.

“आता तो पैसा जातो कुठं, ते ऐका,” आक्का पदर खोचून कुंपणाशी आल्या. “मुंबईला मंडळ आहे, इमारत आणि इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. गवंडी, सुतार, फरशीवाले, सेंट्रिंगवाले, रंगारी, बिगारी, सगळ्यांसाठी. पोरांच्या शिक्षणाला पैसे, कामगाराच्या स्वतःच्या पहिल्या लग्नाला तीस हजार, कामावर मेला तर घरच्यांना पाच लाख. तो तुमचा मिस्त्री वर परांचीवर उभा आहे ना, त्याच्यासाठी भरलेत तुम्ही वीस हजार.”

“मग त्याला मिळतात का?”

“तेच तर!”

आक्कांचे थोरले भाऊ लाल बावट्यात होते. जन्मभर मजूर अड्ड्यावर सकाळी सहाला उभं राहून पावत्या फाडल्या आणि घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळं हा विषय निघाला की आक्का दूध उतू गेलं तरी हलत नाहीत. त्यांच्या सांगण्यात मीठ-मसाला असतो. पण कायद्याच्या गोष्टी मी पडताळून बघितल्यात, त्या पक्क्या आहेत.

“1982 साली दिल्लीत आशियाई खेळ झाले. स्टेडियमं बांधायला देशभरातनं मजूर नेले आणि किमान मजुरीपण धड दिली नाही. सुप्रीम कोर्टात गेलं ते प्रकरण. त्याच वर्षी तामिळनाडूनं अंगमेहनतीच्या कामगारांसाठी कायदा केला. मग 1985 ला दिल्लीत बांधकाम कामगारांच्या संघटना जमल्या, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर पुढं होते. लाखो सह्या गोळा करून संसदेला निवेदन दिलं. केरळानं 1989 ला आपला कायदा केलापण. आणि केंद्राचा कधी आला? 1996 ला! दहा वर्षं नुसते मोर्चे.”

“आणि आपल्याकडं?”

“आपण पुरोगामी ना! कायदा 96 चा, महाराष्ट्रानं नियम केले 2007 ला. नियम नाहीत तर मंडळ नाही, मंडळ नाही तर नोंदणी नाही. तेवढ्या वर्षांत मुंबई-पुण्यात केवढे टॉवर उभे राहिले, त्याचा टक्का कुणी घ्यायचा?”

यात गंमत अशी, की या कायद्याला लागणारी अक्कल महाराष्ट्राकडं आधीपासून होती. 1969 चा माथाडी कायदा आपलाच. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं, आणि सरकारला एक साधी गोष्ट मान्य करायला लावली. हमालाचा मालक रोज बदलतो, सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. म्हणून मंडळानंच त्याचं नाव नोंदवायचं, मालकांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडं भरायची, आणि मंडळानं ती हमालापर्यंत पोचवायची. मालक कोण, हा प्रश्न हमालाला कुणी विचारत बसत नाही. बांधकाम कामगारांच्या संघटनांनाही असंच त्रिपक्षीय मंडळ हवं होतं, कामाची विभागणीसुद्धा करणारं. मिळालं ते अर्धं. टक्का गोळा करणारं मंडळ आलं, पण गवंड्यानं वर्षात 90 दिवस काम केलं याचा दाखला आणायचा तो ज्याचा त्यानं.

“ओ मिस्त्री!” आक्कांनी मान वर केली. “कार्ड आहे का तुमचं?”

मिस्त्री जतकडचे, अठ्ठावन्नच्या आसपासचे. ओळंबा सोडून भिंत बघत होते, तसेच बोलले. “व्हतं की. लॉकडाऊनला दोन हजार आलं खात्यावर, 2020 ला. मला वाटलं कुणी चुकून टाकलं. मग नूतनीकरण ऱ्हायलं.”

“का राहिलं?”

“नव्वद दिसाचा दाखला लागतो की दरसाल. ठेकेदाराची सही, शिक्का.”

“मग घ्यायचा ठेकेदाराकडनं!”

“ठेकेदार मीच हाय न्हवं.” मिस्त्रींनी ओळंबा गुंडाळला. “ह्ये काम अंगावर घेतलंय मी. वैनींनी पैसं मला द्यायचं, मी दोन बिगाऱ्यास्नी द्यायचं. माझ्या दाखल्यावर मीच सही करू व्हय?”

वैनी खुदकन हसल्या. आक्का हसल्या नाहीत. लहान गावातला गवंडी उक्तं काम घेतो. आज वैनींचा मजला, पुढच्या महिन्यात कुणाचं संडास-बाथरूम, मधे आठ दिवस गावाकडं पेरणी. थापी त्याच्याच हातात आणि हिशेबाची वहीपण त्याच्याच खिशात. कागदावर त्याला कामगार म्हणावं तर मालक सापडत नाही, मालक म्हणावं तर फाटकी बनियन आड येते.

“ग्रामसेवक देतो की दाखला,” वैनी म्हणाल्या. “आमच्या जाऊबाईंच्या गावात दिलेत.”

“देतो, आणि घाबरतो. नव्वद दिवस कोण कुठं राबला, त्यानं कसं बघावं? खऱ्यावर सही करायला हात कापतो, आणि एजंट पैसे घेऊन ज्यांनी जन्मात थापी धरली नाही त्यांची नोंदणी करून देतात. मंडळानं भांडी वाटली तेव्हा बघितलं नाही का कोण कोण रांगेत होतं? त्या कोपऱ्यावरच्या–”

“आक्का, हळू. त्यांची खिडकी उघडी आहे.”

“असू दे. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे आणि कुकर बांधकाम कामगाराचा.”

(इथं पंधरा मिनिटं त्या कुकरवर गेली. ती गाळते, कारण खिडकी खरंच उघडी होती.)

भांड्यांच्या संचाबद्दल मात्र माझंही मत आक्कांसारखंच तिखट आहे. ज्या पैशावर गवंड्याचा हक्क आहे, तोच त्याला मंडपात, फलकाखाली, कुणाच्या तरी हातून उपकार म्हणून द्यायचा. 2024 च्या मार्चमध्ये, लोकसभेची निवडणूक तोंडावर असताना, नागपूरला सुरेश भट सभागृहात असंच संचवाटप होतं. तिथल्या चेंगराचेंगरीत एका बाईचा जीव गेला. थाळ्या-वाट्यांसाठी. त्या वस्तू टपालानं घरी पोचवल्या असत्या तर फोटो निघाला नसता, एवढाच काय तो तोटा.

आणि दुसरीकडं पैसा नुसता पडून. 2018 साली सुप्रीम कोर्टात आकडे आले: देशभरात 37,400 कोटींवर उपकर जमा, खर्च साधारण साडेनऊ हजार कोटी. त्याआधी कॅगनं कोर्टाला सांगितलं होतं, की काही ठिकाणी कामगारांच्या नावानं लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतलीत.

“वॉशिंग मशीन?” वैनी. “पालात नळ तरी असतो का?”

“पेन्शनचं सांगा त्येंला,” वरून मिस्त्री. म्हणजे सगळं ऐकत होते.

“हो, पेन्शन! 2025 ला जाहीर केली आपल्या सरकारनं. साठी झाली की वर्षाला बारा हजार.”

“बरंय की मग.”

“वर्षाला म्हणतेय मी, महिन्याला नाही. आणि बारा कुणाला? नोंदणीला वीस वर्षं झालेल्यांना. पंधराला नऊ हजार, दहाला सहा. आता सांगा, राज्याचे नियमच 2007 चे, तर वीस वर्षं 2027 च्या आधी कुणाची भरणार?”

वैनींनी बोटांवर वर्षं मोजून पाहिली. मिस्त्रींनी कशाला मोजायची, त्यांचं कार्डच तुटलेलं.

आता आक्कांनी खरा बॉम्ब टाकला. “आणि वैनी, 2025 च्या नोव्हेंबरात नवीन कामगार संहिता लागू झाल्या. जुना कायदा त्यांच्या पोटात गेला. आधी स्वतःच्या राहत्या घराला दहा लाखांपर्यंत उपकर माफ होता, आता पन्नास लाखांपर्यंत.”

“म्हणजे… माझे वीस हजार…?”

“तुम्ही परवानगी काढली उन्हाळ्यात. मेल्यांनो, सहा महिने थांबला असता तर!”

वैनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण ज्या सवलतीनं त्यांचे वीस हजार वाचले असते, तिनंच मिस्त्रींच्या मंडळाची ओंजळ रिकामी होणार. लहान गावांत पन्नास लाखांवरची घरं किती बांधली जातात? मोठे गृहप्रकल्प आणि सरकारी पूल-रस्ते भरतील म्हणा, ते भरतातच. वर आता किती उपकर बसतो तो बांधणाऱ्यानं स्वतःच काढून भरायचा. बिल्डर आपला खर्च किती दाखवेल, हे सांगायला आक्का नकोत. कामगार संघटनांनी 9 जुलै 2025 ला देशभर संप केला तो याच संहितांविरुद्ध. आपल्याकडं त्या दिवशी बँक बंद म्हणून चरफडण्यापलीकडं कुणी काही केलं नाही. मीपण नाही.

“मिस्त्री,” वैनी अचानक म्हणाल्या, “आमच्या ह्यांनी लिहून दिलं तर? आमच्या घरी तुम्ही तीन महिने होता, असं?”

“साहेब बँकेत, मग शिक्का कुठला? बँकेचा?”

“ते आमचे हे बघतील,” आक्का म्हणाल्या. “नगरपालिकेतपण दाखल्याची सोय आहे, फक्त कुणी मागायला जात नाही. मिस्त्री, आधार, बँकेचं पुस्तक आणि फोटो काढून ठेवा. सोमवारी जा यांच्याबरोबर. फी नाममात्र आहे, वर कुणी मागितले तर मला सांगा. आणि त्या दोन बिगाऱ्यांनापण न्या, त्यातली एक बाई आहे ना, तिचं तिच्या नावानं करा, नवऱ्याच्या नाही.”

“सोमवारी स्लॅब हाय.”

“मग मंगळवारी.”

“मंगळवारी पाणी मारायचं–”

“पाणी वैनी मारतील!”

वैनींनी मान डोलावली खरी, पण डोकं दुसरीकडंच होतं. थोड्या वेळानं कुंपणावरून पुढं वाकून, आवाज खाली आणून म्हणाल्या, “आक्का, मंगळवारी भाऊजी जातीलच नगरपालिकेत… तर माझ्या वीस हजारांचं काही परत वगैरे मिळतं का, तेवढं विचारतील?”

“विचारतील. पण तेव्हा मिस्त्रींना बाहेर चहाला पाठवायला सांगते.”