आराखडेकाका

उज्जैनच्या मराठी घरांत माणूस निवृत्त झाला की त्याचं दोहोंपैकी एक काहीतरी होतं. एक तर तो भस्मारतीचा अधिकारी जाणकार होतो आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मध्यरात्रीच उठवून बसवतो. नाही तर तो आराखडेकाका होतो. पहिल्याचा त्रास पाहुण्यांना, दुसऱ्याचा घरच्यांना. आणि पाहुणे निदान परत जातात.

भैरवगढ म्हटलं की भाविकांना मद्याचा नैवेद्य घेणारा कालभैरव आठवतो, बायकांना छापाच्या चादरी आणि बाकीच्या गावाला जेल. तिथे राहणाऱ्या आराखडेकाकांना मात्र एकच गोष्ट दिसते: डोलखुर्ची. तीही बाजारात मिळते ती वेताची नव्हे. हात कुठे संपतो आणि पाय कुठे सुरू होतो ते बोट फिरवूनही कळू नये, अशी अखंड घडवलेली लाकडाची. कॅलिफोर्नियाचा सॅम मालूफ करायचा तशी.

मालूफचं चरित्र काकांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा चोख पाठ आहे. जन्म १९१६चा, आईवडील लेबनॉनहून आलेले, सुतारकी कुठे रीतसर शिकला नाही, १९८५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, कार्टर आणि रेगन दोघांकडेही त्याच्या खुर्च्या गेल्या, आणि एवढं होऊनही तो स्वतःला नुसता लाकूडकाम करणाराच म्हणवत राहिला. हे सगळं पहिल्या चहाबरोबर होतं. दुसऱ्या चहाला केनेडी येतात. त्यांच्या पाठदुखीवर डॉक्टरीणबाईंनी डोलखुर्ची सुचवली होती. काकांची पाठ उत्तम आहे. पण सोय असावी.

मालूफची एकच गोष्ट त्यांना खटकते. तो साच्यावरून ढोबळ आकार आखून घ्यायचा आणि पुढचं सगळं नजरेच्या अंदाजाने. यंत्राच्या पट्टा-करवतीवर लाकूड मोकळ्या हाताने फिरवायचा, मग कानशीने घासत घासत वळण काढायचा. हयात कोषागारात काढलेल्या काकांना हे पटणं शक्य नव्हतं. "एवढा मोठा माणूस," ते म्हणतात, "पण कागदपत्रं ठेवली नाहीत हो नीट."

ती उणीव काका भरून काढतायत. मालूफच्या वाटेने जाणारे अमेरिकी सुतार आता पूर्ण मापाचे आराखडे विकतात. काकांनी एकाचा मागवला. तो बरोबर आहे की नाही ते ताडून बघायला दुसऱ्याचा मागवला. दोघांत बैठकीच्या उतारात फरक निघाला, तेव्हा निवाड्याला तिसरा आला. तिघांची तुलना करणारा तक्ता त्यांनी लाल-निळ्या शाईत स्वतः आखलाय, आणि खरं सांगायचं तर इतकी सुबक वस्तू भैरवगढात मी दुसरी पाहिलेली नाही.

मोजमापाचा हट्ट या गावाच्या पाण्यातच असावा. आपले जुने ज्योतिषी रेखांश उज्जैनपासून मोजत; सवाई जयसिंहाने आपल्या वेधशाळांपैकी एक इथेच बांधली. काकांपर्यंत येता येता हा वारसा पाहुण्यांच्या मांड्यांवर उतरला. बैठकीची उंची बसणाऱ्याच्या गुडघ्यावर ठरते आणि खोली मांडीच्या लांबीवर, म्हणून आल्यागेल्याला टेप लागते. मग वजन विचारलं जातं. बसणाऱ्याचा गुरुत्वमध्य डोलपट्टीच्या वर्तुळाच्या केंद्राखाली राहायला हवा, नाही तर माणूस मागे गेला की परत येत नाही. मुलीचं लग्न ठरवायला आलेल्या व्याह्यांना काकांनी हे पंगतीत, वरणाच्या वाटीत चमचा डोलवून समजावलं होतं. लग्न झालं. व्याही मात्र अजूनही काकांकडे आले की सतरंजीवर बसतात.

आता, काकांना हसणं सोपं आहे, पण खुर्ची त्यांना खरोखर कळलीय. मागचा पाय बैठकीच्या खाचेत कसा दोन्हीकडून अडकतो, सरस लावून तो स्क्रूने कसा आवळायचा, आणि हे झाल्यावरच कानस लावायची म्हणून जोड वितळल्यासारखा कसा दिसतो, हे ते साबणाच्या वडीवर कापून दाखवतात. असं शिकवणारा मला दुसरा भेटला नाही. त्यांच्या घरात साबण तेवढा टिकत नाही.

मिस्त्री एकदा आला होता. आराखड्यात ८/४ जाडीचं अक्रोड लिहिलेलं. अमेरिकेच्या लाकूडबाजारात जाडी पाव इंचांत सांगतात. आठ पाव म्हणजे दोन इंच. हे पटवायला काकांनी चार पानी टिपण तयार ठेवलं होतं. मिस्त्रीने पहिलंच वाक्य ऐकलं आणि म्हणाला, "मतलब सोला सूत." टिपण वाया गेलं. मग त्याने भिंतीवरचे तिन्ही आराखडे पाहिले, तक्ता पाहिला, फायली पाहिल्या.

"बाबूजी, बनाना है कि पढ़ना है?"

"पहले समझना है," काका म्हणाले. मिस्त्री चहा पिऊन गेला.

अक्रोडाऐवजी बैतूलचं सागवान आलं. ते २०१६च्या सिंहस्थाआधी. सागवानात तेल असतं, सरस नीट धरत नाही, जोडाच्या जागा आधी थिनरने पुसाव्या लागतात, हे कळल्यावर काकांनी सागवानासाठी वेगळी फाइल उघडली. फळ्या दिवाणाखाली गेल्या. उन्हाळ्यात काकू त्या गच्चीवर काढून वर धोतर अंथरतात आणि कुरडया घालतात. आता २०२८चा सिंहस्थ धरलाय. एका कुंभावरून दुसऱ्या कुंभावर मुदत नेणारा माणूस घाई करतो, असं तरी कुणी म्हणणार नाही.

खुर्चीच्या हाताचा साचा मात्र काकांनी मध्यंतरी पुठ्ठ्यातून कापलाच. ओसरीत टांगलेला तो साचा शेजारच्या छापेवाल्या चाचांच्या नजरेत भरला. "भाईसाब, कैरी अच्छी निकाली है," म्हणत ते घेऊन गेले, ठप्पा कोरणाऱ्याकडून लहान करून कोरून घेतला, आणि दिवाळीच्या सुमारास मालूफच्या खुर्चीचा हात भेरूगढी चादरीच्या किनारीवर रांगेने उमटला. ना आराखडा, ना तक्ता. चादर खपलीही चांगली. काकूंनी दोन घेतल्या.

काकांनी त्यातली एक दिवाणावर अंथरली, चष्मा पुसला, टेप काढली आणि किनारीवरून एकेक कोयरी मोजत गेले. संध्याकाळी वही घेऊन चाचांच्या दारात उभे. "पाचास एक प्रमाण धरलं तर टोकाला अर्धं सूत कमी भरतंय," ते म्हणाले. "एवढी घाई कशाला केलीत?"