सात फुटी छडी

नेरच्या बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर कोणालाही विचारा, "गुरुजींनी ती रीळ कितीले घेतली?" सरळ आकडा मिळायचा नाही. समोरचा आधी विचारेल, "कोणाले सांगितलेली किंमत पाह्यजे?"

गुरुजींच्या मासेमारीच्या प्रत्येक वस्तूला तीन किमती असतात: बिलावरची, घरची आणि काठावरची. रिळीची बिलावरची किंमत 4,200 रुपये. घराचा उंबरा ओलांडेपर्यंत ती 1,400 होते. तळ्याच्या काठावर, दुसऱ्या शौकिनांच्या घोळक्यात, तीच साडेसहा हजार होते. कारण तिथे रीळ स्वस्त म्हणजे माणूसच स्वस्त. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत नफा-तोटा शिकवलेला माणूस आहे. एकाच वस्तूवर एकाच दिवशी दोन्ही करून दाखवणं त्याला जड नाही.

मी एकट्या गुरुजींबद्दल बोलतोय असं समजू नका. ही जमात मोठी आहे. कोणी कॅमेऱ्याच्या भिंगात अडकलेला असतो, कोणी गिअरच्या सायकलीत, कोणी ट्रेकच्या बुटांत. छंद निमित्ताला, खरा जीव सामानात, आणि सामानातही ते घेण्याआधीच्या विचारात. आमच्या नेरच्या वाट्याला यातला मासेवाला आला, एवढंच. तोही अशा गावात, जिथली मिलमिली नदी पावसाळ्यात अंगावर येते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोट्टे क्रिकेट खेळतात.

हे सुरू कसं झालं, तर छडीमुळे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्गात पोरांना मारायला बंदी आली आणि गुरुजींची निरगुडीची छडी फळ्यामागे गेली. तेव्हापासून त्यांचा उजवा हात रिकामा होता. निवृत्तीनंतर पुतण्याच्या मोबाइलवर त्यांनी सात फुटी कार्बनची काठी पाहिली. दोन तुकड्यांची, बोटाएवढी जाड, शेंड्याकडे निमुळती होत गेलेली. गुरुजी नुसतं "वा" म्हणाले. मी शेजारी होतो. शाळा तपासणीत चांगला शेरा मिळाल्यावरही त्यांनी असं "वा" म्हटलेलं मला आठवत नाही.

पण घेतली नाही. लगेच घेईल तो गुरुजी कसला? दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. काठी, रीळ, दोरी, गरी, तरंगा, शिसं. रीळ 2500 नंबरची की 4000 ची? बेअरिंगं किती? हँडलचा एक वेढा दिला की दोरी किती वेढे गुंडाळली जाते? हे शेवटचं प्रमाण 5.2 ला 1 असं असतं हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकले, कारण गुणोत्तर-प्रमाण हा सातवीचा धडा. दोरीची ताकद पौंडात लिहिलेली असते. गुरुजींनी ती किलोत बदलली. वीस पौंडी म्हणजे साधारण नऊ किलो. मग पेन खाली ठेवून बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "खरंच नऊ किलोचा लागला तर आपण त्याला ओढू की तो आपल्याला?" म्हणून दहा पौंडी ठरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. या खाडाखोडीत थंडी सरली, कापूस घरी येऊन विकूनही झाला.

हाच माणूस बाजारात मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून मागे फिरतो. भाजीवाली हाक मारेल म्हणून चार पावलं हळू चालतो. तिने नाहीच मारली, तर उरलेला बाजार फिरून पुन्हा तिच्याकडेच येतो. चार हजारांच्या रिळीपुढे मात्र त्यांचं एकच तत्त्व: "पहिल्यांदाच चांगलं घ्यावं, म्हणजे दुसऱ्यांदा घ्यावं लागत नाही." या तत्त्वानुसार त्यांनी आजवर सहा वेळा पहिल्यांदाच चांगलं घेतलेलं आहे.

पहिल्या पार्सलची तर कथाच झाली. पत्त्यात गुरुजींनी नुसतं 'नेर' लिहिलं. महाराष्ट्रात नेरं पुष्कळ. चार दिवसांनी फोन आला, "गुरुजी, पांझरेच्या पुलावर उभा आहे, घर कुठं?" काठी धुळ्याजवळच्या नेरला पोचली होती. गुरुजी फोनवर ओरडले, "अरे बावा, आमच्याकडे पांझरा नाही, मिलमिली आहे!" आपल्या गावाला नेर परसोपंत का म्हणतात, ते त्या दिवशी त्यांना कळलं. तेव्हापासून 'परसोपंत' लाल शाईने लिहितात.

काठी आली आणि मग समजलं की ज्या तलावावर जायचं, तिथल्या मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आहे, विचारल्याशिवाय गळ टाकता येत नाही. हा रकाना वहीत नव्हता. परवानगी मिळाली, पण त्या आठ दिवसांत गुरुजींचं वजन दीड किलो उतरलं.

घरी काकूंचा विरोध होता म्हणावं, तर तसाही नव्हता. त्या फक्त विचारायच्या. "किती मासे आले की हे पैसे फिटते?" गुरुजींना गणित आवडतं, त्यांनी मांडलं. रोहू दोनशे रुपये किलो धरला, तर रिळीपुरते एकवीस किलो. काठी, दोरी, पेटी धरून चाळीसच्या पुढे. बेंबळा धरणावर जायचं तर ते बाभूळगाव तालुक्यात, तिथवर जाण्यायेण्याचं पेट्रोल धरलं की आकडा पुढे पळायला लागतो. गुरुजींनी पोरांना जन्मभर हौदाचं उदाहरण घातलं: एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? इथे दुसरा नळ मोठा आहे हे त्यांना दुसऱ्या महिन्यातच कळलं. त्यांनी उदाहरण बदललं.

नवं उदाहरण इतिहासातलं होतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने मन कसं रमवावं हे सांगताना त्यात मत्स्यविनोदही येतो: मासे कोणते, त्यांना खाऊ काय घालावं, दोरी नि काठी कशी असावी. गुरुजींनी एका रात्री जेवताना हे सगळं सांगितलं. काकूंनी भाकरी वाढत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याच्यापाशी राज्य होतं. तुमच्यापाशी पेन्शन आहे."

आता तलावावरच्या एका म्हाताऱ्या भोयाबद्दल सांगतो. अख्ख्या छंदात पाहण्यासारखा मला तोच वाटतो. आम्ही तलावावर पोचायच्या आधीच तो उकिडवा बसलेला असे. वेळूची काठी, तंगूस, एक गरी आणि तरंग्याच्या जागी मोरपिसाचा देठ. गुरुजींनी वाचलं होतं की कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगल तळाशी. खरंच आहे ते. त्यापायी त्यांनी तीन तऱ्हेचे तरंगे आणि तीन वेगळ्या दोऱ्या घेतल्या होत्या. म्हातारा तोच एक देठ दोरीवर वरखाली सरकवत होता. वर सरकवला की गरी खोल जाते, खाली घेतला की उथळ. तिन्ही माशांची सोय एका पिसात.

गुरुजी त्याच्या शेजारी बसले आणि किंमत सांगण्यासाठी घसा खाकरला. म्हाताऱ्याने किंमत विचारलीच नाही. त्यांची गरी मागितली, अंगठ्याच्या नखावर टेकवली आणि हलकेच ओढली. ती सरकन घसरली. मग स्वतःची टेकवली. ती नखात रुतून बसली. "गुरुजी, पैसा इथं लावा. माशाच्या तोंडात गरी जाते. रीळ नाई जात." त्याने गुरुजींना नवी गरी बांधून दिली. गाठ आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली केली. कोरडी आवळली की घासून तंगूस तापतो आणि मासा लागला की नेमका तिथेच तुटतो. गुरुजींनी वही काढून लिहिलं: 'गाठीला थुंकी. खर्च: शून्य.' अख्ख्या वहीतली ही एकच नोंद अशी की तिच्यात पुन्हा खाडाखोड झाली नाही.

मला वाटलं, आता सुधारतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी गऱ्यांवर अभ्यास सुरू केला. नॉर्वेतली एक कंपनी 1832 पासून धंद्यात आहे हे शोधलं आणि अकरा आकारांची पाकिटं मागवली. परसोपंत, लाल शाईत.

रिळीचं असंच. ती ज्या शिमानो कंपनीची, तिने 1921 साली जपानात सायकलच्या फ्रीव्हीलपासून सुरुवात केली होती, असं गुरुजींच्या वाचनात आलं. म्हणजे मूळची सायकलवाल्यांचीच. रीळ कुरकुरायला लागल्यावर ती घेऊन ते थेट सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. पोराने नको नको म्हटलं. गुरुजींनी त्याला कंपनीचा इतिहास सांगितला. पोराने बिचाऱ्याने चेनचं ग्रीस भरलं. त्यानंतर रीळ इतकी घट्ट झाली की 5.2 ला 1 चं प्रमाण राहू दे, एकही वेढा होईना. पेट्रोलने धुतल्यावर फिरू लागली. पेट्रोलही वहीत गेलं, मासेमारीच्या खर्चात.

मासे आले का, हे तुम्ही विचाराल. आले. पहिल्या मोसमात वहीप्रमाणे पावणेचार किलो. त्यात एक सव्वा किलोचा रोहू आहे, त्याची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. त्या दिवशी आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरडे. परतताना बाजाराजवळ गुरुजींनी गाडी थांबवली आणि मला म्हणाले, "तुम्ही बसा, मी पान खाऊन येतो." गुरुजी पान खात नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी रोहू पाटावर ठेवला. काकूंनी चष्मा लावला, त्याचा ओठ वर केला, आतून बोट फिरवलं. मग मान वळवून कल्ल्यामागे पाहिलं. तिथे खवले दबून गोल वळ उठला होता, जाळ्याच्या धाग्याचा.

"ओठाले भोक नाई," काकू म्हणाल्या. "गरी शेपटीले लागली होती काय?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. काकूंनी पुढे काही विचारलं नाही, फक्त सुरी आणायला आत गेल्या. कालवण फर्मास झालं होतं. मी दोनदा घेतलं. वहीत तो रोहू जमेच्या बाजूला आहे, आणि त्याचे अडीचशे रुपये खर्चाच्या बाजूला, 'किरकोळ' म्हणून.

सध्या गुरुजींनी नवी वही काढली आहे. आता त्यांना मरळ पकडायचा आहे, त्यासाठी वेगळी काठी लागते, वेगळी रीळ आणि रबरी बेडूक. बजेट अजून ठरायचं आहे. त्यासाठी जुनी रीळ काढायची आहे: 4000 नंबर, एक मोसम वापरलेली, एकदा ग्रीस भरून पेट्रोलने धुतलेली. कोणाला हवी असेल तर सकाळी दहाच्या आत टपरीवर भेटा. घरी येऊ नका, आणि आलातच तर काकूंसमोर 1,400 च्या वर बोली लावू नका.