टाचवाले काकाजी

गोंदिया जिल्ह्यात एक काकाजी हमखास भेटतात. आमगावात भेटतात, तिरोड्यात भेटतात; अर्जुनी मोरगावच्या एसटी स्टँडवर तर चपला काढूनच बसलेले असतात. नोकरीतून निवृत्त, शुगर जेमतेम ताब्यात आणि तोंडाबद्दल पूर्ण वैराग्य. दाढी आठवड्यातून एकदा, तीही अंगाच्या साबणानं. पाय मात्र असे, की नवरीनं लाजावं.

काकाजींचा आरसा भिंतीवर नसतो, जमिनीवर असतो. रोज सकाळी खुर्चीत बसून ते त्यावर तळवा धरतात आणि मान वाकडी करून रेघ न् रेघ तपासतात. ही सवय डॉक्टरांनी लावलेली, त्यामुळे हसायची सोय नाही. मधुमेहात पायात काही रुतलं तरी कळेलच असं नाही. पण डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलेल्या गोष्टीचं काकाजींनी व्रत केलं. कोमट पाणी, मग पुसणं, बोटांच्या बेचक्यांसाठी वेगळा रुमाल, मग टाचांना युरियाचं क्रीम. बेचक्यांत क्रीम वर्ज्य. ओल राहिली की चिखल्या होतात. उन्हाळ्यात पायांच्या पाठीवर सनस्क्रीन, चपलेचे पट्टे उमटू नयेत म्हणून. टक्कल उन्हात तसंच उघडं.

सून हसली की म्हणतात, "तोंडाले तेलाच्या ग्रंथी हायेत, तळव्याले एकबी नाही. मंग क्रीम कोनाले पायजे? पायानं तुमचं काय घोडं मारलं जी?" यावर तिच्याकडे उत्तर नसतं. खरं तर कोणाकडेच नसतं.

पंचाईत होते रोवणीत. आखा मुलूख धानाचा. जुलै-ऑगस्टात बायका दिवसभर बांधीत, चिखलात, परे म्हणजे धानाची रोपं लावत उभ्या. हिवाळ्यात विदर्भातला सगळ्यात खालचा पारा बऱ्याचदा गोंदियातच, मग टाचा अशा फाटतात की चादरीत अडकतात. काकूंचा त्यावर उतारा एकच, मोहाच्या टोरीचं तेल, तेही आठवलं तर. म्हणून रोवणीतच काकाजी धुऱ्यावर मोजे घालून उभे राहतात आणि हातातली ट्यूब हलवत ओरडतात, "अवं, आज तरी लावजो!" काकू मान वर न करता म्हणतात, "ते ट्यूब ठेवा खिशात, अन् परे फेका इकडं."

लग्नात तर त्यांना आवरणं कठीण. परवा पुतणीच्या लग्नात नवरदेवाचे पाय धुवायला यांना बसवलं. नवरदेव पार्लरमधून आलेला, गाल तुकतुकीत. काकाजींनी पाय ताटात घेतला, अंगठा बाजूला सारला, चष्मा वर केला. भटजी मंत्र सोडून बघत राहिले. शेवटी काकाजींनी व्याह्यांना जवळ बोलावलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजले,

"पोरगा चांगला हाये जी. फक्त बेचक्या कोरड्या ठेव म्हना."