मंडईच्या हंगामात चित्त स्थिर ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शन वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील कुटुंबप्रमुखांसाठी आहे. अलीकडे नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल. पलीकडे वडसा, आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी. इतर जिल्ह्यांतील वाचकांनी ते आपापल्या जबाबदारीवर वापरावे. त्यांचा सण दिवाळीबरोबर संपतो. आमच्याकडे दिवाळी ही नुसती प्रस्तावना असते. ग्रंथ भाऊबीजेनंतर उघडतो आणि होळीपर्यंत मिटत नाही.

या ग्रंथाची रचना आधी समजून घ्यावी. गावात मंडई भरते तेव्हा दिवसा बाजार असतो, गोवारी समाजाची ढाल निघते, कुठे दंडार होते, आणि रात्री दहा-अकराला सुरू झालेले नाटक कोंबडा आरवल्यावर सुटते. प्रत्येक गाव आपल्या मंडईचा दिवस शेजारच्या गावापासून वेगळा धरते. हेतू उदात्त आहे: सगळ्यांना सगळीकडे जाता यावे. परिणाम असा की आज तुमच्या ओसरीवर झोपलेले अकरा जण परवा तुम्हाला त्यांच्या ओसरीवर नेल्याशिवाय सोडत नाहीत. 'आमच्या इकडे बी हाये जी, येजा बरं' या वाक्यातून सुटण्याची वाट अजून कोणाला सापडलेली नाही.

तयारीचा पहिला भाग आकाशाकडे न पाहण्याचा आहे. हे दिवस धान कापणीचे. हलका धान निघालेला असतो, भारी उभा असतो, आणि कापलेल्याच्या कडपा बांधीत वाळत पडलेल्या असतात. नेमक्या मंडईच्या दुपारी पश्चिमेला ढग जमतात. मन शांत ठेवायचे तर डोळे मिटून बसावे, असे जुन्या लोकांनी सांगून ठेवले आहे. त्यांचाही धान तेव्हा बांधीतच असावा. मिटल्या डोळ्यांनी दहापर्यंत मोजावे. थेंब पडला तर मोजणे सोडून ताडपत्री घेऊन पळावे. पाहुण्यांपैकी जो सोबत पळेल त्याला रात्री मटणाचे दोन तुकडे जास्त वाढावेत.

आता पाहुणे. शहरी तज्ज्ञ म्हणतात, येणाऱ्यांची यादी करा, संख्या आधी ठरवा, नकार द्यायला शिका. हे तज्ज्ञ कधी आठवडी बाजारात गेलेले नाहीत. बाजारात ज्याची नजरानजर झाली त्याला 'मंडईले येजा' म्हणावेच लागते, आणि तो येतोच. सोबत इवाई, म्हणजे व्याही, येतात, इवायांचा साळा येतो, साळ्याचा मित्र केवळ मोटारसायकल त्याची म्हणून येतो. म्हणून मोजणी माणसांची करू नये, दारातल्या चपलांची करावी. चपला निर्जीव असल्याने त्यांच्याकडे पाहून राग येत नाही. संख्या वीसच्या वर गेली की तर्रीत पाणी वाढवावे आणि तिखटही त्याच प्रमाणात वाढवावे, म्हणजे पाणी लक्षात येत नाही. भाताची काळजी नको. या प्रांतात भात कमी पडला असे झाले तर ती बातमी होईल.

मंडई हा लग्ने जुळवण्याचाही मुहूर्त असतो, त्यामुळे घरात उपवर मुलगी किंवा मुलगा असेल तर यजमानाच्या जिवाला दुप्पट घोर. शेवेच्या दुकानापुढे उभा असलेला तो पोरगा कोणाचा, त्याच्याकडे किती एकर धान, आणि तो आपल्या पोरीकडे पाहतो आहे की शेवेकडे, याचा निकाल एका संध्याकाळी लावायचा असतो. इथे उपाय सोपा आहे: मुलीला विचारावे. तिने त्या पोराची सगळी माहिती मागच्या गावच्या मंडईतच काढलेली असते.

दीर्घ श्वास घ्यावा, याबद्दल सर्व ग्रंथांचे एकमत आहे. आमची फक्त एक दुरुस्ती: त्याआधी तोंडातला खर्रा थुंकावा. खर्रा तोंडात धरून प्राणायाम केल्यास शांती मिळण्याऐवजी ठसका लागतो. या एका शिस्तीने हंगामातला सर्वात मोठा खर्च आपोआप घटेल. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' ही दारू-तंबाखूमुक्तीची मोहीम हेच गंभीरपणे सांगत फिरते. आम्ही विनोदाने सांगतो, इतकाच फरक.

शांतीचा दुसरा द्रवरूप मार्ग मात्र भौगोलिक आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती एप्रिल २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. तेव्हापासून पलीकडच्या काठावरील काही इवायांना अलीकडच्या काठावरील मंडयांबद्दल एकाएकी जिव्हाळा वाटू लागला, असे अभ्यासक म्हणतात. अभ्यासक म्हणजे पुलाजवळचा पानठेलेवाला. अशा पाहुण्याला सायंकाळी सात वाजताच जेवायला वाढावे. त्याचे नाटक मंडपात सुरू होण्याची वाट पाहू नये.

पटाबद्दल एक शोध इथे नोंदवतो. शंकरपटामुळेच घर पाहुण्यांनी भरते, अशी यजमानांची जुनी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली. मधली साडेसात वर्षे कायद्याने पट बंद होते आणि पाहुणे चालू होते. तक्रार निकाली निघाली आहे.

नाटकाचा विषय मोठा आहे, तिथे घाई नको. वडशाला नाटक कंपन्यांचा बाजार आहे. गावाचे मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, बयाना देते, आणि परतल्यावर नायिका नागपूरची आहे ही बातमी गाडीवरच्या भोंग्यातून पंचक्रोशीत पोचवते. एकेका गावात एकाच रात्री दोन-दोन नाटके लागतात. धानाच्या रिकाम्या बांधीत मंडप पडतो, लोक बोऱ्या आणि घोंगड्या घेऊन येतात, तबला-पेटीवाले रंगमंचापुढे बसतात. पहाटेपर्यंत हजारो माणसे थंडीत कुडकुडत तिकीट काढून नाटक पाहतात, हे पुण्या-मुंबईच्या नाट्यनिर्मात्यांना सांगून पाहावे. ते आधी हसतात, मग वडशाला जायची गाडी विचारतात.

अशा सलग रात्री चित्ताचा तोल सांभाळायचा तर झोपेचे नियोजन लागते. नवशिके घरी झोपून नंतर मंडपात जाण्याचा विचार करतात. घरी त्यांच्या गादीवर कोणीतरी असतो. अनुभवी माणूस मंडपातच झोपतो, आणि केव्हा झोपायचे हे त्याला ठाऊक असते. खलनायक जमीन बळकावतो तेव्हा झोपावे, कारण ती जमीन पहाटे परत मिळते. आई मरते तेव्हा झोपणे अशिष्ट आहे. शेजारची म्हातारी हुंदके देता देता कोपराने उठवते. विनोदी नट आला की मात्र जागे व्हावेच. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना आमच्या याच झाडीपट्टी रंगभूमीवरील कामासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या नटाने आमच्या पेंगलेल्या शेतकऱ्याला मध्यरात्रीनंतर हसवत ठेवले, त्याचा सन्मान राष्ट्रपती भवनात व्हावा हे योग्यच झाले.

डिसेंबरच्या शेवटी पाहुण्यांची वेगळी जात उतरते. ही मंडळी शहरातून येतात, खाकी टोप्या घालतात आणि वाघ दिसेल का, असे तुम्हाला विचारतात. जणू वाघ तुमच्या चुलतभावाकडे कामाला आहे. त्यांना मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या गेटवर सोडून यावे. जिप्सीचे बुकिंग आधी केले नसेल तर तो दोषही तुमच्यावर येतो. तो नम्रपणे स्वीकारावा. फक्त मंगळवार टाळावा. ताडोबाचे कोअर क्षेत्र मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते, शिवाय जुलै ते सप्टेंबर पावसाळ्याची सुट्टी. आठवडी रजा आणि तीन महिन्यांची हक्काची रजा मिळवणारा या जिल्ह्यातला एकमेव यजमान वाघ आहे.

बाकीच्या यजमानांचे काय, हे पाहायला आम्ही स्वयंपाकघरात डोकावलो, आणि आत्तापर्यंतचे मार्गदर्शन तिथेच अडले. पहाटे चारला वडे तळायला कढई चढली होती, आणि ती उतरली तेव्हा मटणाची चढली. कुटुंबप्रमुख ओसरीवर अत्यंत शांत बसले होते. दीर्घ श्वास, मिटलेले डोळे, सगळे आमच्या पद्धतीप्रमाणे. त्यांच्या शांतीचा एकेक अंश आतून येत होता: चहा आतून, पाणी आतून, 'झालं का जेवण?' याचे उत्तर आतून. घरात शांती एकूण ठरावीकच असते असे दिसते. एकाने जास्त वापरली की दुसऱ्याच्या वाट्याला खरकटी भांडी येतात.

स्वयंपाकघरातली बाई नाटकाला पोचली तेव्हा तिसरा अंक चालू होता. 'कायजी, माय मेली का?' एवढेच तिने विचारले, बोरीच्या कडेला टेकली आणि खलनायक पकडला जायच्या आत उठून गेली, कारण पाहुण्यांचा सकाळचा चहा होता. त्या नाटकाचा शेवट तिला तिच्या पोरीने दुसऱ्या दिवशी धान बांधताना सांगितला.

म्हणून ही सुधारित सूचना. मंडईच्या दिवशी ताटे पुरुषांनी उचलावीत, भांडी जावयाने घासावीत; जावई नाराज झाला तर पुढच्या वर्षी येणार नाही, म्हणजे चपलांचा एक जोड कमी. घरातल्या बाईला पहिल्या अंकापासून पुढच्या रांगेत बसवावे आणि घरची किल्ली तिच्याकडून काढून घ्यावी. ती दोनदा उठून घरी जायला निघेल. दोन्ही वेळा तिला खाली बसवावे.

शेवटची सूचना विनोदाची नाही. आमच्याकडे वाघ शिवारात येतात, आणि गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेल्या रानटी हत्तींचा वावर आहे. नाटक सुटल्यावर जंगलाच्या वाटेने एकट्या-दुकट्याने निघू नका. पाहुण्यांना उजाडेपर्यंत थांबवून घ्या आणि चहा तुम्ही स्वतः मांडा. चहापत्ती चुलीवरच्या फळीवर, डावीकडून दुसऱ्या डब्यात आहे.