काटेवाले अण्णांचा नाताळ

अण्णांची माकडटोपी माळ्यावरून खाली आली की आमच्या सोसायटीत डिसेंबर लागतो. बाहेर थंडी असेलच असं नाही. कळंबोलीत थंडी ही बहुतेक वेळा अफवाच असते. पहाटे दूधवाल्याला जरा गार लागतं, नऊ वाजता स्टील मार्केटमधले पत्रे तापायला लागले की ती संपली. पण अण्णा टोपी घालतात, शाल पांघरतात आणि मग उकडतं म्हणून पंखा तीनवर करतात. समोर टीव्हीवर बर्फ पडत असतो. तो बनियनवर बसून बघणं त्यांना प्रशस्त वाटत नाही.

अण्णांनी एकतीस वर्षं स्टील मार्केटच्या बाजूला वजनकाट्यावर काढली. सळया, पत्र्याच्या कॉईल, अँगल, चॅनेल, कुठकुठचं लोखंड ट्रेलरवर चढून त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. आधी खाली गाडीचं वजन, मग भरलेल्या गाडीचं, वजाबाकी केली की निव्वळ. पावती फाडायची, शिक्का मारायचा, पुढची गाडी. अशा माणसाला निवृत्तीनंतर काय आवडावं? राजकारण, शेअर बाजार, गुडघेदुखीवरची तेलं, फार तर सकाळी खांदेश्वर स्टेशनपर्यंत चालणं. अण्णांना आवडतात ते नाताळातले इंग्रजी प्रेमपट. म्हणजे ज्यात मोठ्या शहरातली मुलगी नाताळाला गावी येते, गावातल्या बेकरीवाल्याशी आधी भांडते आणि नंतर त्याचीच होते, ते.

असा प्राणी आमच्याकडे हा एकच, असं समजू नका. डिसेंबरात रात्री साडेदहानंतर आमच्या सेक्टरातून चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या खिडकीतून ती घंटांची किणकिण ऐकू येतेच. फरक इतकाच की बाकीचे कबूल करत नाहीत. ‘नातीने लावलं होतं’, ‘रिमोट सापडत नव्हता’, ‘बातम्यांच्या मध्ये ब्रेक होता’. एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना मी रंगेहाथ पकडलं, तर ते म्हणाले, “इंग्रजी सुधारायला बघतो.” अण्णांना असल्या सबबी लागत नाहीत. त्यांचं इंग्रजी पावतीपुरतं आहे आणि ह्या सिनेमांना तेवढं पुरतं.

सुरुवात मुलीमुळे झाली. ती सुट्टीला आली असताना तिने नेटफ्लिक्सवर ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ लावला आणि पंधरा मिनिटांत झोपून गेली. अण्णा जागे राहिले. आल्डोव्हिया नावाच्या देशाचा राजपुत्र आणि त्याची बातमी काढायला आलेली अमेरिकन पत्रकार मुलगी. असा देश नकाशावर नाही, चित्रीकरण रोमानियात झालं, हे अण्णांना पुष्कळ नंतर कळलं. पण तोवर ते त्या देशाचे नागरिक झाले होते. हा सिनेमा 2017 सालचा. त्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने ट्विटरवर थट्टा केली होती की 53 माणसांनी हा सिनेमा सलग 18 दिवस रोज पाहिलाय, तुम्हाला इतकं दुखावलं तरी कुणी? मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते ओशाळतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “चोपन्नावा मी. माझा नंबर उशिरा लागला.”

मग त्यांनी ह्या धंद्याचा तळच शोधला. काट्यावरच्या माणसाला माल कुठून भरला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. ह्या सिनेमांचं मोठं गोदाम म्हणजे अमेरिकेतलं हॉलमार्क चॅनेल. काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, हॉलमार्क म्हणजे सोन्यावरचा शिक्का एवढंच माहीत. “हॉलमार्कचं घेतलंय” असं अण्णा फोनवर कुणाला तरी सांगत होते, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून हात पुसत धावत बाहेर आल्या. निघाला सिनेमा. त्या दिवशी आमटी खारट झाली होती.

तर हे हॉलमार्क मूळचं शुभेच्छापत्रांचं. 1910 साली जॉईस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पोस्टकार्डांनी भरलेली बुटांची दोन खोकी घेऊन कॅन्सस सिटीत आला, तिथून पुढे वाढत गेलेला हा पसारा. चॅनेल ह्या नावाने 2001 मध्ये आलं, आणि 2009 पासून त्यांनी वर्षाअखेरी नाताळाच्या सिनेमांचा रतीबच सुरू केला. अलीकडच्या काही वर्षांत एका हंगामात चाळीसेक नवे सिनेमे निघाले. एकेक सिनेमा दोन-तीन आठवड्यांत उरकतात. पुष्कळसे कॅनडात, व्हँकुव्हरच्या आसपास होतात, आणि तेही बऱ्याचदा भर उन्हाळ्यात. बर्फ म्हणजे कागदाचा भुगा, फेस आणि चिरडलेला खराखुरा बर्फ. नटनट्या लोकरी कोट घालून जुलैच्या उन्हात एकमेकांना ‘किती गारठा आहे’ म्हणतात. हे वाचल्यापासून अण्णांचं त्या लोकांवरचं प्रेम दुप्पट झालं. “म्हणजे तेही पंखा तीनवर ठेवूनच करतात,” ते म्हणाले.

अण्णांची बघण्याची पद्धत काट्याचीच. पहिली पाच मिनिटं म्हणजे खाली गाडीचं वजन. नायिका लाल कोटात. तिच्यासोबत मोबाईलवर बोलणारा, केस चापूनचोपून बसवलेला एक इसम, हा जाणार. गावात चौकडीच्या शर्टातला, हातात लाकूड नाहीतर पिठाचं ताट घेतलेला दुसरा, हा राहणार. तो बहुधा विधुर, त्याला सात-आठ वर्षांची आगाऊ मुलगी. एक बेकरी, हॉटेल किंवा नाताळाच्या झाडांची बाग बंद पडायला आलेली. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा, ज्याचं नाव कुणी विचारत नाही. अण्णा एवढं बघतात आणि निकाल जाहीर करतात. चुंबन शेवटच्या दोन मिनिटांत. त्याआधी दोनदा होता होता राहतं, एकदा कुणीतरी दार ठोठावतं, एकदा ओव्हनची घंटी वाजते. शेवटी खरोखरच होतं तेव्हा अण्णा उठून भिंतीवरच्या कालनिर्णयाचं पान उलटून मागचा मजकूर वाचतात. जानेवारीचं राशिभविष्य त्यांना त्यामुळे तोंडपाठ आहे.

काकूंचा पक्ष वेगळा. त्यांच्या मालिकांमध्ये विष, मृत्युपत्र, जुळ्या बहिणी आणि पायऱ्यांवरून ढकलणं चालू असतं. “तुमच्यात काही घडतच नाही हो,” त्या म्हणतात.

“म्हणून तर बघतो.”

मला ह्यावर विनोद सुचला होता, पण मी केला नाही. 26 जुलै 2005 ला कळंबोलीत पाणी भरलं, तेव्हा अण्णा तळमजल्यावर राहत होते. लग्नातली गादी, मुलीची चौथीची पुस्तकं, टीव्ही, सगळं गेलं. त्या रात्री त्यांनी मुलीला पाण्याच्या टाकीवर बसवून ठेवलं होतं. त्यांच्या आयुष्यात घडण्याचा कोटा भरलेला आहे. आता दीड तास कुणाचं काही बुडणार नाही, ह्याची हमी देणारं कुणी असेल तर ते त्याला पाचपैकी पाच तारे देतात. आणि आमच्या कळंबोली सर्कलवर अडकलेला ट्रेलर सुटायला कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात तिकडे बेकरीवरचं कर्ज फिटून लग्न ठरलेलं असतं.

मात्र काकूंनी त्यांना एकदाच खरं अडचणीत आणलं. 2024 चा ‘हॉट फ्रॉस्टी’ चालू होता. त्यात एक विधवा बाई बर्फाच्या पुतळ्याच्या गळ्यात मफलर घालते आणि तो जिवंत होऊन देखणा पुरुष बनतो. काकू म्हणाल्या, “आता हे जरा जास्तच होतंय.”

अण्णा म्हणाले, “शिळेची अहल्या झालेली चालते ना?”

“तिथे रामाचा पाय होता. इथे मफलर आहे.”

अण्णांना उत्तर सुचलं नाही. त्याचा वचपा त्यांनी मार्गशीर्षातल्या गुरुवारी काढला. ह्या सिनेमांचा हंगाम आणि मार्गशीर्ष जवळपास एकदमच येतात. काकू घट मांडून महालक्ष्मीची पोथी वाचत होत्या. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, दारात आलेली फाटक्या वस्त्रांतली म्हातारी, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष लक्ष्मी. सोफ्यावरून आवाज आला, “ही तर आमची पांढऱ्या दाढीवाली पार्टी.” काकूंनी वाचन थांबवून त्यांच्याकडे असं पाहिलं की अण्णा टोपीत आणखी आत गेले. पण प्रसाद देताना काकूच म्हणाल्या, “शेवट आम्हालाही माहीत असतो. तरी दर वर्षी बसतोच ना.” मला वाटतं त्या घरातला टीव्हीचा तह त्या दिवशी झाला. आता साडेआठपर्यंत विष, साडेआठनंतर बर्फ.

अण्णांचा वसईचा एक जुना मित्र आहे, मराठी ख्रिस्ती. नाताळाच्या आधी एकदा आला होता, त्यालाही बसवलं. तो इमानाने शेवटपर्यंत बसला आणि म्हणाला, “झाड आहे, केक आहे, दिवे आहेत. मिस्सा कुठाय? आणि चोवीस तारखेला प्रेमात पडायला ह्या बाईला वेळ कसा मिळतो? आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या बायकांना पाठ टेकायला मिळत नाही.” हा मुद्दा बिनतोड होता. त्यावर अण्णांनी त्याला साय घातलेला बोर्नव्हिटा दिला. तिकडे नायक-नायिका ऊन ऊन कोको पितात; आपल्याकडे हाच.

सिनेमा बघणाऱ्याने तो टीव्हीतच ठेवला तर कुणाला त्रास नसतो. अण्णांचं तसं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी बंगळुरूहून डिसेंबरात घरी आली. मोठं शहर, मोठी नोकरी, आणि योगायोगाने लाल जॅकेट. अण्णांची रात्रीची झोप उडाली. त्यांनी चौकडीच्या शर्टाचा शोध सुरू केला. स्टील मार्केटमधली पोरं इस्त्रीचे पांढरे शर्ट घालतात, ती बाद. शेवटी आमचा इलेक्ट्रिशियन एका सकाळी नेमका चौकडीच्या शर्टात आला. अण्णांनी त्याला कुठलंही कारण न सांगता वर पाठवला, ‘ताईंकडचा दिवा बघून ये’ म्हणून. तिकडचे सगळे दिवे लागत होते. त्याने तरी एक बोर्ड उघडून पुन्हा लावला आणि खाली येऊन अण्णांकडून दोनशे रुपये घेतले. त्याला दोन मुलं आहेत, थोरला दहावीला आहे. “विधुर आहेस का” असं अण्णांनी विचारल्यावर तो जो गेला, तो महिनाभर सोसायटीत फिरकला नाही. गीझर बिघडलेल्या तीन घरांनी अण्णांशी बोलणं सोडलं.

तरी त्यांचं म्हणणं असं की जागा चुकली, विचार नाही. त्यांच्या मते ह्या प्रकाराला कळंबोलीइतकं योग्य गाव नाही. पुण्याचा द्रुतगती मार्ग इथून सुटतो. त्याच्या तोंडाशी मॅकडोनाल्ड्स आहे, तिथे पुण्याच्या बसची वाट बघत पाठीवर बॅग अडकवलेल्या मुली उभ्या असतात. डिसेंबरात सिग्नलला पोरं लाल टोप्या विकतात. अण्णा कधीकधी संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहतात. कुणी कुणाला सोडायला आलेलं असतं, बस येते, काच बंद होते, हात हलतो. “हा माझा तिसरा अंक,” ते मला म्हणाले, “इथून ती परत वळते.” मी जितका वेळ उभा होतो, तेवढ्यात कुणी वळलं नाही. एकजण मात्र वडापाव घ्यायला धावत खाली उतरली.

आणि मग विमानतळ सुरू झाला. 25 डिसेंबर 2025, बरोबर नाताळच्या दिवशी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली. बाकीचे लोक आता जागेचे भाव काय होणार ह्याचा हिशेब करत होते. अण्णा सकाळपासून माकडटोपी घालून गच्चीवर. इतकी वर्षं त्या सिनेमांमधली मुलगी विमानाने गावात यायची आणि आमच्या गावाला विमानच नव्हतं. आता तीही अडचण उरली नाही. एक विमान खाली येताना त्यांना दिसलं, असं ते म्हणतात. मी सोबत होतो, मला फक्त पाण्याच्या टाक्या दिसल्या.

“उतरली,” अण्णा म्हणाले. “आता सामान घेईल, टॅक्सी करेल. सर्कलला अर्धा तास धर.”

संध्याकाळी मी पाव आणायला कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. अण्णा आधीच दाराशी उभे होते, हातात अर्धा किलो खारी. पाव संपले होते.