स्वल्पविराम सर

शोधप्रबंध हातात पडला की बाकीचे मार्गदर्शक अनुक्रमणिका बघतात. आमच्या मराठी विभागातले सर आधी चष्मा पुसतात, मग लाल पेन काढतात आणि शीर्षकपृष्ठावरच अडकतात. "शीर्षकापुढे पूर्णविराम कशाला? प्रबंध इथंच संपला का?"

विद्यार्थी त्यांना माघारी 'स्वल्पविराम सर' म्हणतात. सरांना ते ठाऊक आहे. त्यांची तक्रार एवढीच, की कोणीतरी बाकावर हे नाव कोरताना अवतरणचिन्ह उघडलं ते मिटलंच नाही.

त्यांच्याकडे पीएच.डी.ला नाव नोंदवणारे बहुतेक स्वतःच प्राध्यापक असतात. चाळिशी आलेली, घराचे हप्ते चालू, डोक्यावर नॅकच्या फायली. अशांना सर शनिवारी बाकावर बसवतात आणि विरामचिन्हं काढून टाकलेले उतारे देतात. 'हा पुरावा ग्राह्य नाही त्याज्य.' लावा स्वल्पविराम! निम्मा वर्ग 'नाही'च्या आधी लावतो, निम्मा नंतर. सर खूश. "बघा, एकाच पुराव्यावर दोन पीएच.डी. झाल्या!"

कोणी कुरकुरलंच, तर सर थेट मेजर थॉमस कँडींना बोलावतात. मोडीत हात न उचलता ओळच्या ओळ लिहीत जायचं, तिथं विराम कुठला? कँडीसाहेबानं १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली. "एका गोऱ्या मेजरनं मराठी वाक्याला श्वास घ्यायला शिकवलं आणि तुम्ही अजून गुदमरताय!" एका धीट विद्यार्थिनीनं विचारलं, "पण सर, त्याआधी पेशव्यांचा कारभार विरामचिन्हांवाचून चाललाच ना?"

"चालला की," सर म्हणाले. "१८१८ पर्यंत."

त्यांचं खरं वैर मात्र विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या डीटीपीवाल्याशी. तो पूर्णविरामाआधी जागा सोडतो, मग ते बिचारं टिंब एकटंच पुढच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन बसतं. विसर्गाच्या जागी तो अपूर्णविराम ठोकतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते पटत नाही. संतसाहित्यावरच्या एका प्रबंधात सरांनी 'दुःख' हा शब्द शोधला, तर एकदाही सापडेना. "चारशे पानं आणि दुःख शून्य? तुकोबांचं राहू द्या, तुम्हाला लिहितानाही झालं नाही?"

या जाचाला कंटाळून एकानं मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून अर्ज केला. अर्ज सरांच्या मार्फतच जायचा होता. तो तीनदा दुरुस्तीसाठी परत आला.

मग एक प्रबंध असा आला, की विभागानं पेढे सांगून ठेवले. वाङ्मयचौर्य हुडकणाऱ्या सॉफ्टवेअरनं साम्य दहा टक्क्यांच्या आत दाखवलं होतं आणि यूजीसीच्या २०१८च्या नियमांत तेवढ्याला शिक्षा नाही. सरांनी तिसरं प्रकरण उघडलं. "इथवर तुमची अवतरणचिन्हं सरळ उभी आहेत. इथून सहा पानं त्यांना बाक आलाय, पुढं पुन्हा सरळ. तळटिपेचा आकडा सगळीकडे पूर्णविरामानंतर, या सहा पानांत तेवढा आधी. ही पानं कोणाची?"

ती निघाली डीटीपीवाल्याच्या संगणकात पडून असलेल्या एका जुन्या प्रबंधातली. इंटरनेटवर तो कुठंच नव्हता, त्यामुळे सॉफ्टवेअरला दिसायचं कारण नव्हतं. पेढे रद्द झाले.

विभागप्रमुख मॅडमनी त्या दिवशी सरांचं तोंडभरून कौतुक केलं. बहिःस्थ परीक्षक प्रस्तावना आणि समारोप चाळतात, समिती जाडी बघते. सबंध प्रबंध वाचणारे विद्यापीठात तुम्ही एकटेच, असं त्या म्हणाल्या.

सर संकोचले. "छे हो, मी कुठला वाचतोय! मी आपली टिंबं बघतो. आता टिंब नेमकं वाक्याच्या शेवटी असतं, त्याला माझा काय इलाज?"